गोकर्णाबाईंचा उजवा डोळा

वेचणी लागली की आमचा दवाखाना रिकामा होतो. नवीन आलेल्या डॉक्टरांना याचं फार नवल वाटतं. दिवाळीपर्यंत व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नसते, आणि मग एका सोमवारी येऊन पाहावं तर बाकावर दोन-तीन म्हातारे, एक बाळंतीण आणि पायरीवर ऊन खात पडलेलं कुत्रं. यंदा एका तरुण डॉक्टरने मला विचारलंही, "मॅडम, या भागातले पेशंट एकदम बरे झाले का?" मी म्हटलं, "बरे कुठले होतात. वावरात आहेत. कापूस वेचतायत."

इथे दुखणीसुद्धा कापूस घरात येईपर्यंत थांबतात. गुडघा थांबतो, खोकला थांबतो, पोटातला गोळा थांबतो. बायका आपल्या अंगाला सांगतात, थोडं दम धर, एवढी वेचणी होऊ दे. आणि अंगही बहुतेक वेळा ऐकतं. जे ऐकत नाही ते फार उशिरा आमच्या दारात येतं.

या दिवसांत घाटाखालचा सगळा मुलूख पांढरा होतो. रस्त्याकडेच्या बाभळींना गाड्यांमधून उडालेला कापूस लटकतो. सकाळी थंडी असते, पण दहा वाजता ऊन चढलं की वावरातून एक सुका, किंचित तेलकट वास यायला लागतो, सरकीचा. पहिल्या वेचणीला बाया वावरात सीतादही करतात, दहीभात शिंपडतात, आणि मग कमरेला ओटी बांधून वाकतात त्या दिवस कलेपर्यंत. दवाखान्यात आल्या तरी त्यांच्या केसांत, पदरात कापसाचे तंतू असतात. मी तपासायला त्यांची हनुवटी धरते तेव्हा माझ्या बोटांना त्यांच्या गालांवरचे ओरखडे दिसतात. हो, बोटांनाच. इतकी वर्षं या कामात गेली की बोटंही बघायला शिकली.

कापसाचं बोंड उमललं की त्याच्या पाकळ्या वाळून टणक होतात. त्यांची टोकं दाभणासारखी असतात. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, तेही वाळत आलेलं असतं. बाई वाकते, हात पुढे घालते, एखादी काडी सटकन मागे येते आणि डोळ्यात जाते. मृगात साप, श्रावण-भादव्यात फवारणीचं विष, आणि वेचणीत डोळे. आमच्या दवाखान्याचं पंचांग हे असं आहे.

दरवर्षी हे दिवस आले की मी जरा गप्प होते. लोकांना वाटतं, थंडी मानवत नाही.

मी बुलढाण्याची, म्हणजे घाटावरची. वडील कोर्टात कारकून होते. आमच्या घरात कुणी 'मले-तुले' म्हटलं की आई डोळे वटारायची. अकोल्याला डोळे तपासायचा कोर्स करून मी या धर्मादाय दवाखान्यात लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. रोज सकाळच्या एसटीने राजूर घाट उतरायचा आणि दुपारनंतर पुन्हा चढायचा. खाली उतरताना गाडीत गरम होऊ लागलं की मी स्वेटर काढून पिशवीत ठेवायची आणि तोंडावर एक शिष्ट भाव चढवायची. पेशंटांशी मी शुद्ध बोलायची. मुद्दाम. 'तुम्हाला काय होतंय' असं. मला वाटायचं त्यांना त्याचा आदर वाटतो.

डोळ्यांचे डॉक्टर तेव्हा सोमवारी आणि गुरुवारी असायचे. वेळ एक वाजेपर्यंतची. पण लांबच्या गावचा माणूस आला तर घड्याळ पाहायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज होता. डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी तो सांगितला होता. ते सावकाश बोलणारे, सावकाश काम करणारे गृहस्थ होते. एक वाजल्यावरही खोलीत बसून कागद लिहीत राहायचे.

त्या गुरुवारी माझ्या चुलतबहिणीची हळद होती बुलढाण्यात. शिंप्याकडून हिरव्या साडीवरचं ब्लाउज घ्यायचं होतं. दीडची गाडी चुकली तर पुढची साडेतीनला. मी खिडकी लावून घेतली, डोळे तपासायचा तक्ता झाकला, पर्स खांद्याला अडकवली. एक वाजून पाच मिनिटं झाली असतील. तेवढ्यात एक बाई आली. तीस-बत्तिशीची, सावळी, काटक. उजव्या डोळ्यावर पदर दाबून धरलेला.

"काय झालं?"

"पऱ्हाटीची काडी गेली जी डोयात. काल. लय ठणकून राह्यला."

माझ्या जागेवरून मला डॉक्टरांच्या खोलीचा पडदा दिसत होता. पडद्याखाली त्यांचे काळे बूट दिसत होते. दहा पावलांवर.

मी म्हटलं, "डॉक्टर गेले. आता सोमवारी या."

"गेले काय?"

"गेले."

"बरं बाई," ती म्हणाली आणि वळली.

मी पुढच्या दाराने बाहेर पडले आणि गाडीच्या थांब्यावर गेले. लिंबाच्या झाडाखाली एक फरशी टाकलेली असायची बसायला. ती बाई तिथेच बसली होती. चालून आली होती, चालूनच परत जायची होती, जरा टेकली होती इतकंच. मला पाहून ती कडेला सरकली. "बसा बाई," म्हणाली. मी तिच्या शेजारी बसले. आमच्यामध्ये माझी पर्स होती.

पाच-सात मिनिटं गेली असतील. दवाखान्याच्या फाटकातून पांढरी जीप बाहेर आली. पुढच्या सीटवर डॉक्टर बसले होते. थांब्यापाशी जीप हळू झाली, डॉक्टरांनी मला पाहून हात हलवला, आणि जीप मलकापूरच्या रस्त्याला लागली.

मी गाडी येते का ते पाहायला उलट्या बाजूला मान वळवली. ती तशीच वळवून ठेवली. थोड्या वेळाने शेजारच्या बाईच्या बांगड्यांचा आवाज आला. ती डोळ्यावरचा पदर नीट करत होती. मग माझी गाडी आली.

हळदीत मी खूप हसले. हिरवं ब्लाउज अंगाला नेमकं बसलं होतं. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मला ती बाई एकदाही आठवली नाही. इतक्या वर्षांत मी स्वतःला अनेक गोष्टींसाठी समजावलं आहे, तेवीस वर्षांचं वय, दीडची गाडी, रिवाज काही लेखी नियम नव्हता, असं सगळं. पण ती आठवली नाही, याला समजावणारं मला आजपर्यंत काही सापडलं नाही.

सोमवारी ती आली नाही. गुरुवारीही नाही. आभाळ भरून आलं होतं, उघड्या कापसावर पाणी पडेल म्हणून शेतमालकांनी बाया वावरातून हलू दिल्या नव्हत्या. ती आली त्याच्या पुढच्या सोमवारी, अकराव्या दिवशी. डोळ्यात कुणाच्या तरी सांगण्यावरून दूध टाकून झालं होतं. पापणी सुजून उतरली होती. केसपेपरवर मी नाव लिहिलं, गोकर्णाबाई.

डॉक्टरांनी तिला यंत्रापुढे बसवलं. मी मागे उभी राहून तिचं डोकं धरलं, हलू नये म्हणून. बुबुळावर साबुदाण्याएवढा पांढरा ठिपका होता आणि खाली पू साचला होता. डॉक्टर बराच वेळ पाहत राहिले. मग चष्मा काढून म्हणाले, "बाई, अकरा दिवस काय करत होतात? दुसऱ्या दिवशी आला असतात तर थेंबांवर भागलं असतं. आधी का नाही आलात?"

खोलीत आम्ही तिघंच होतो. माझे दोन्ही तळवे तिच्या डोक्याला लागलेले. तिला नुसती मान वळवायची होती, बोट दाखवायचं होतं.

"येचणी व्हती जी," ती म्हणाली. "आलीच नाही म्या."

मला आधी काय वाटलं? सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली. या दोहोंचा क्रम लिहायला मला इतकी वर्षं लागली.

बावीस दिवस ती वॉर्डात होती. दर तासाला थेंब टाकायचे होते. मी ते काम मागून घेतलं. लवकरची गाडी पकडून यायची, उशिराच्या गाडीने जायची, डॉक्टर नसत त्या दिवशीही तिच्या खाटेपाशी असायची. खालची पापणी ओढायची, थेंब सोडायचा, कापसाने कड पुसायची. ती हूं की चूं करत नसे. दुखतंय का विचारलं तर "नाही बाई." पाणी हवं का विचारलं तर "हो बाई." पडून राहा म्हटलं तर "बरं बाई." मी तिच्यासाठी संत्री आणली, आईकडून डिंकाचे लाडू करून आणले. ती दोन्ही हातांनी घ्यायची आणि उशीखाली ठेवायची. मला वाटायचं, केवढं हे मन. सगळं ठाऊक असून ही बाई माझ्याविरुद्ध एक शब्द काढत नाही. रोज ठरवायची, आज तिच्याशी बोलायचं, माफी मागायची. आणि रोज तिचं ते शांत तोंड पाहून वाटायचं, हिने तर कधीच माफ केलंय, उगाच कशाला उकरा.

डोळा गेला. काढावा लागला नाही, पण बुबुळावर फूल पडलं, दुधी, कायमचं. डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "दुसरा त राहीन ना जी?"

पुढे पुष्कळ काही झालं. माझं लग्न झालं, मुलगी झाली, डॉक्टर निवृत्त होऊन अमरावतीला गेले, जुन्या इमारतीवर मजला चढला. मी डोळ्यांच्या विभागाची प्रमुख झाले. दरवर्षी नव्या मुली कामाला येतात, त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे. तिथे मी गोकर्णाबाईंची गोष्ट सांगायला लागले.

मी ती अशी सांगायची: आपल्याकडे पूर्वी एक मुलगी होती, तिने आळसाने एका बाईला परत पाठवलं. त्या बाईचा डोळा गेला. पण तिने त्या मुलीचं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही? तर आपल्या भागातली माणसं अशी आहेत, मोठ्या मनाची, म्हणून त्यांच्याशी नीट वागा. मुलींचे डोळे भरून यायचे. एकदा दवाखान्याच्या वार्षिक मेळाव्यात मला बोलायला सांगितलं तेव्हाही मी हीच गोष्ट सांगितली. भाषण संपल्यावर एका वयस्क बाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुम्ही किती मनापासून बोलता." मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला असेल.

सांगता सांगता ती गोष्ट माझी उरलीच नव्हती. 'एक मुलगी' खरोखरच दुसरी कुणी तरी झाली होती, आणि मी त्या बाईची थोरवी ओळखणारी शहाणी मॅडम.

यंदा वेचणी संपत आली तशा गोकर्णाबाई आल्या. सून बरोबर होती, मंदा नावाची. सुनेच्या खांद्याला धरून चालत होत्या. केस पांढरे, पाठ वाकलेली. मी त्यांना उजव्या डोळ्यावरून ओळखलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. एकाच डोळ्यावर उभं आयुष्य काढलेलं माणूस, आणि आता तोही विझत आलेला. नव्या डॉक्टरांनी लगेच दाखल करून घेतलं, दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया ठरली.

दुपारी मंदा चहा आणायला गेली तेव्हा मी खाटेशेजारच्या स्टुलावर बसले.

"गोकर्णाबाई, मला ओळखलंत?"

"वळखलं ना. आवाजावून वळखलं. थेंबवाल्या बाई."

मी नखाने स्टुलाची कड कुरतडत बसले. मग म्हटलं, "त्या दिवशी डॉक्टर गेले नव्हते. मी खोटं बोलले."

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "जीपमंधी व्हते. माह्या सासूचा डोया त्यायनंच केल्ता. मी वळखत व्हती त्यायले."

"मग तुम्ही डॉक्टरांना सांगितलं का नाही? त्यांनी विचारलं तेव्हा?"

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. त्यांना माझं तोंड दिसत नसणार, नुसता धूसर आकार दिसत असेल. मला अगदी खात्री होती त्या काय म्हणतील याची. मी ते पंचवीस वर्षं लोकांना सांगत आले होते.

"कशी सांगू?" त्या म्हणाल्या. "थेंब तुमीच टाकनार व्हत्या ना."

मला कळलं नाही. मी तसं म्हटलं.

"डाक्टर यायचे दोन दिवस, सासूच्या येळी पाह्यलं व्हतं म्या. बाकीचे दिवस तुमीच. तुमच्या नावानं बोलली असती, अन् तुमी राग धरला असता, त? माहा डोया तुमच्या हातात व्हता. म्या म्हटलं, कायले बोला. भेव लागे मले."

"माझं?"

"हाव. तुमी थेंब टाकाले वाकल्या का मी पाय आवळून घेवो. यक डाव खोटं बोलली थे बाई, आता बाटलीत काय टाकून आनली कोनाले ठाऊक." मग अगदी सहज म्हणाल्या, "लाडू देल्ले व्हते तुमी. थे बी म्या खाल्ले नाही. बाजूच्या बुढीले देल्ले."

"तिला काही झालं नाही ना," असं काही तरी मूर्खासारखं माझ्या तोंडून निघालं.

"नाही. गोड व्हते म्हने."

व्हरांड्यात मंदाची चाहूल लागली. मी घाईघाईने म्हटलं, "माझं चुकलं. मला माफ करा."

"बरं बाई," त्या म्हणाल्या.

तो शब्द मी तेव्हा बावीस दिवस ऐकला होता. त्याचा अर्थ मला त्या दुपारी लागला. दारात उभ्या असलेल्या, दुसरा काही इलाज नसलेल्या माणसाचा तो शब्द आहे. त्यात माफी नाही. त्यात रागही नाही. समोरच्याच्या हातात आपलं काही तरी अडकलेलं असताना माणूस जे बोलतो ते आहे. आणि मी त्याच्यावर भाषणं केली. तिच्या भीतीला मी थोर मन म्हटलं, आणि त्या थोर मनाचं कौतुक करण्याचं श्रेयही स्वतःकडे घेतलं. डोळा तिचा गेला आणि गोष्ट माझी झाली.

त्याच संध्याकाळी मी अमरावतीला जुन्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांना आता ऐकायला कमी येतं, म्हणून प्रत्येक वाक्य मोठ्याने, दोनदा सांगावं लागलं. 'मी खोटं बोलले' हे वाक्यही. मग ते त्यांच्या त्या सावकाश आवाजात म्हणाले, "त्या दिवशी मला काही घाई नव्हती हो." एवढंच. मग त्यांनी माझ्या मुलीची चौकशी केली आणि फोन ठेवला.

सकाळी शस्त्रक्रियेआधी बाहुली मोठी करायचे थेंब टाकायचे असतात. ते काम मी किंवा वैष्णवी, आमची नवी मुलगी, कुणीही करतं. मी ट्रे घेऊन खाटेपाशी गेले आणि विचारलं, "थेंब मी टाकू, की या पोरीला टाकू देऊ? तुम्ही सांगाल तसं. मला राग येणार नाही."

त्यांनी वैष्णवीच्या दिशेने मान वळवली.

"तिले टाकू द्या," म्हणाल्या.

मी ट्रे वैष्णवीच्या हातात दिला. तिला कारण सांगणं भाग होतं. व्हरांड्यात उभं राहून मी तिला सगळं सांगितलं, या वेळी 'एक मुलगी' न म्हणता. ती दोन महिन्यांपूर्वी माझ्याच तोंडून त्या 'एका मुली'ची गोष्ट ऐकून रडली होती. आता तिने मान हलवली, ट्रे घेऊन आत गेली. त्या दिवशी तिने माझ्याबरोबर डबा खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

शस्त्रक्रिया चांगली झाली. पट्टी सोडली तेव्हा मी तिथे नव्हते. मंदाने येऊन सांगितलं की सासूने आधी तिच्या कपाळाची टिकली पाहिली आणि म्हणाली, वाकडी लावलीस.

तिसऱ्या दिवशी सुट्टीचे कागद घेऊन मी वॉर्डाकडे गेले. खाटेभोवतीचा पडदा ओढलेला होता. आत वैष्णवी थेंब टाकत होती आणि गोकर्णाबाई बोलत होत्या.

"हळू टाक नं वं पोरी, यकच हाय थो माह्यापाशी. अन् तुमच्या इथली डाय काऊन इतकी पातळ रायते? त्या शिजवनारनीले सांग, गोकर्णी म्हने तुह्या डायीत पोहता येते." वैष्णवी हसली. त्याही हसल्या, घोगरं, मोठ्याने. मग यंदा कुणाच्या वावरात बोंडं टप्पोरी होती, कोणती जाऊबाई ओटी अर्धी भरली की बांधावर जाऊन बसते, मंदाच्या माहेरचे कसे बोलाचेच धनी, एकातून एक निघतच राहिलं. मध्येच त्यांनी वैष्णवीला दटावलं, मान सरळ धर म्हणून, जशी काही तपासणी तिचीच चालली होती.

बावीस दिवस मी या बाईच्या उशाशी बसले होते. तिचा आवाज असा आहे हे मला माहीत नव्हतं.

कागदांवर माझी सही झाली होती, फक्त त्यांच्या हातात द्यायचे होते. मी पडद्याबाहेरच उभी राहिले. आत गेले असते तर त्या गप्प झाल्या असत्या.